लडाख, व्हाया टेंभुर्णी

“सूनबाई, बद्रीला एकट्याला लांब जाऊ देऊ नको. त्याला जाता येतं, वापस येता येत न्हाई. निघालाच तर तू मागं जा.”

माझ्या सासूबाई झुंबरबाई यांनी शेवटच्या आजारात माझ्या तळहातावर तुळशीचं पान ठेवून हे सांगितलं आणि मी हो म्हणाले. इतर सासवा अशा वेळी कपाटाच्या किल्ल्या कुठं आहेत ते सांगतात, असं ऐकून आहे. आमच्या किल्ल्या सगळ्यांना दिसतील अशा खुंटीला टांगलेल्या असत. जपून ठेवावी अशी वस्तू घरात एकच होती, ती म्हणजे सासूबाईंचा मुलगा.

आमचे हे जुन्या जालन्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत. सगळा मोहल्ला त्यांना सर म्हणतो, म्हणून मीही सरच लिहिते. नाव घ्यायची मला सवय नाही आणि या वयात लावून घ्यायची नाही. तर सर भूगोल शिकवत आणि सरांना रस्ते सापडत नसत. ब्रह्मपुत्रा कुठं वळते ते झोपेतून उठवलं तरी सांगतील, पण दळण घेऊन घरी येताना कुठं वळायचं ते गिरणीवाल्याला विचारतील. आमच्या लग्नात हात धुवायला म्हणून गेले ते शेजारच्या आळीतल्या दुसऱ्याच मांडवात पंगतीला बसले. वाढपी आग्रह करत होते, उठवेना, असं त्यांचं म्हणणं. अक्षता पडायच्या आधी जेवून आलेला नवरदेव आमच्या गावानं तो एकच पाहिला.

म्हणून सासूबाई गेल्यावर मी नऊ वर्षं त्यांच्या शब्दाला जपत आले. लग्न, बारसं, तेरावं, कुठंही गेलो तरी मी दोन पावलं मागं. लोकांना वाटायचं, किती मर्यादशील बाई आहे. मर्यादा होतीच, पण मागून हाक मारायला बरं पडतं, हेही होतं.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत शाळेची तपासणी झाली. तपासायला आलेले साहेब सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. सर नकाशावर काठी ठेवून काराकोरम, लडाख, झास्कर असं ओळीनं सांगत होते. तास संपल्यावर साहेबांनी सहज विचारलं, की गुरुजी, यातलं काही पाहिलंय का? सरांनी खरं ते सांगितलं, की नाशिकपर्यंत गेलो आहे. साहेब हसले. वाईट नाही हसले, पण हसले.

त्या दिवशी सर शाळेतून थेट घरी आले, एकदाही न चुकता. मला तेव्हाच काळजीनं घेरलं. चालताना त्यांच्या मनात नद्या-डोंगर असतात म्हणून ते चुकतात. त्या दिवशी मनात एकच काहीतरी होतं.

काय होतं ते जेवताना कळलं. मनालीहून लेहपर्यंत सायकलनं जायचं. पुढं सरहद्दीजवळ एक खारं तळं आहे, ते पाहायचं आणि परत यायचं. मध्ये साडेसतरा हजार फुटांवरची खिंड. मी सायकलनंच का, एवढंच विचारलं. सर म्हणाले, बसमधून जमिनीचा चढ कळत नाही.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी भित्री आहे. आमची गच्ची रस्त्यापासून चोवीस फूट. तिच्यावर पापड वाळत घालतानासुद्धा मी कठड्यापासून दोन हात लांब बसते. साडेसतरा हजार फूट म्हणजे आमची सातशेहून जास्त घरं एकावर एक, हा हिशेब मी भांडी घासताना केला आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. शिवाय तिथं हवा निम्मी असते म्हणे. बाकीची निम्मी कुणी नेली, हे सरांनी मला दाबाच्या आकृतीसह समजावलं. त्यानं माझा धीर वाढला नाही.

माझा नेम साधा आहे. उठल्यावर वहीत एकशे आठ वेळा रामनाम लिहायचं, तोवर पाणी घ्यायचं नाही. त्या फेब्रुवारीची पानं आजही माझ्याकडे आहेत. त्यांत राम जरा घाबरलेला दिसतो.

बातमी आठवड्यात सगळ्या गल्लीत झाली आणि सल्ले येऊ लागले. कुणी म्हणालं, खिशात कांदा ठेवा, हवा कमी पडली की हुंगा. कुणी म्हणालं, कांदा मुळीच नको, तिकडचे कोल्हे वासावर येतात. एका निवृत्त तलाठ्यांनी सांगितलं, की तिकडं थुंकी खाली पडायच्या आत गोठते. या माहितीचा काय उपयोग करायचा ते त्यांनी सांगितलं नाही. सल्ला देऊन झाला की प्रत्येक जण माझ्याकडे बघून हळूच मान हलवायचा. तशी मान मीही हलवलेली आहे, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलेल्या माणसाला भेटायला गेल्यावर.

शेजारच्या केशरबाई मात्र मान हलवायच्याऐवजी जवळ सरकल्या. त्यांचे मालक संपतराव यांचं कापडाचं दुकान. ते मुलांनी हातात घेतल्यापासून संपतराव घरी असत आणि घरी असल्यामुळे स्वयंपाकघरात असत. भाकरी किती भाजावी, मीठ कधी टाकावं, यावर त्यांचं लक्ष असे.

“वैनी, तुमचे जाऊनच राह्यले तर आमचेबी जाऊ द्या की संगं,” केशरबाई म्हणाल्या. “दोघं असले म्हंजे तुमच्या जिवाला घोर न्हाई. अन् माझ्या चुलीला आराम.”

संपतरावांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं, त्यामुळे तेही तयार झाले. मला वाटलं, चला, एकट्याला सोडलं असं तर होणार नाही. पण भीती काही हटेना. मी जांब समर्थच्या रामरायाला मनोमन सांगितलं, की हे जाणं रद्द कर, मी अकरा शनिवार तुझ्या पायऱ्या धुईन. दुसऱ्या दिवशी केशरबाईंकडून कळलं, की हे जाणं तडीस जावं म्हणून त्यांनी राजूरच्या गणपतीला एकवीस नारळ बोलले आहेत. एकाच प्रकरणात दोन देवांकडे दोन उलटे अर्ज गेले. नंतर सरकारी कचेऱ्यांत जे झालं ते पाहता, खालीही पद्धत तीच आहे.

रजेच्या अर्जात कारण लिहायला दीड इंच जागा असते. सरांनी लिहिलं, ‘हिमालय पाहणे.’ शिक्षण खात्यातल्या कारकुनांनी तो परत केला. आजारपण, लग्न, बाळंतपण आणि मयत अशी चार कारणं चालतात, यातलं कुठलं ते लिहा म्हणाले. सर म्हणाले, यातलं काहीच नाही. कारकून भला माणूस. त्यांनी सुचवलं, एखादा लांबचा काका दाखवा, लांबच्या काकाचा दाखला कुणी मागत नाही. सरांनी कुणालाही मारायला नकार दिला. अर्ज तीनदा परत आला. चौथ्या वेळी कारकुनांना सुचलं, की यात्रा हे कारण चालतं, फक्त ठिकाण लिहावं लागतं. त्यांनी अर्जदाराचं नाव वाचलं आणि तेच ठिकाण म्हणून रकान्यात भरून टाकलं. (नाव मी लिहिणार नाही. सासूबाईंनी वर अर्धं घेतलंच आहे. पुढचं, चार धाम आठवले की कळेल.) रजा मंजूर झाली. सर मात्र आठ दिवस उदास होते, कारण ते धाम त्यांच्या वाटेवर लागत नव्हतं आणि भूगोलाच्या माणसाच्या सेवापुस्तकात चुकीचा मार्ग नोंदला गेला होता.

सरहद्दीजवळच्या तळ्यासाठी वेगळा परवाना लागे, आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. हवालदार चौकशीला घरी येतील आणि घरच्यांना हरकत आहे का ते विचारतील, असं कळल्यावर मला आशेचा किरण दिसला. मी हरकतीची दोन वाक्यं पाठ करून ठेवली. मोठ्यानं बोलायची सवय नाही, म्हणून तुळशीपुढं म्हणूनही पाहिली.

पण तोवर जून निम्मा सरला होता आणि अधिक आषाढ लागला होता. अधिक महिन्यात माझा आणखी एक नेम असतो. उठल्यापासून मारुतीला तेहेतीस प्रदक्षिणा होईपर्यंत मौन. ते साधारण नऊ वाजता सुटतं. हवालदार साडेआठला आले. मी वही घेऊन बसले होते, सर आंघोळीला गेले होते. हवालदारांनी विचारलं, सर पितात का, भांडतात का, कुणाच्या देण्याघेण्यात आहेत का. मी मानेनं उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, त्यांच्या जाण्याबद्दल घरातून काही सांगायचं आहे का. सांगायचं तर फार होतं. लिहून दाखवावं तर हातातली वही रामाची, तिच्यात दुसरं अक्षर घालता येत नाही. मी हात जोडले आणि डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. हवालदार गहिवरले. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘पत्नी भाविक. हरकत नाही.’ आणि चहाही न घेता गेले.

नऊ वाजता मौन सुटलं तेव्हा ती दोन्ही वाक्यं जशीच्या तशी पाठ होती. मी ती मारुतीला म्हणून दाखवली.

इकडे तयारी चालूच होती. सर ओला टॉवेल नाकावर बांधून गच्चीचा जिना चढत-उतरत, म्हणजे कमी हवेची सवय होते. गल्लीच्या तोंडाशी हबीबभाईंचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी सरांची वीस वर्षांची सायकल उलटी टांगून सगळी खोलली, नवी साखळी घातली, दोन्ही चाकं नव्यानं आवळली. मी डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “भाभी, सायकल तो जाइंगी. सर का मेरेकू कुछ नक्की नै.”

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलावून तेहेतीस अनारसे घालून जेवू घालायचं, वाण द्यायचं. माझा धाकटा भाऊ तातेराव आमच्या गावी शेती सांभाळतो. गाव भोकरदनच्या अलीकडे, जालन्यापासून पन्नासेक किलोमीटर. त्यानं रविवारचं निमंत्रण दिलं. सरांच्या डोळ्यांत चमक आली. भोकरदन आपल्या उत्तरेला, लडाखही उत्तरेला. ही रंगीत तालीमच, म्हणाले. त्यांनी आणि संपतरावांनी पहाटे सायकलवर निघायचं, मी एसटीनं पुढं जायचं, दुपारी सगळ्यांनी पंगतीला बसायचं, असं ठरलं. दोघं आहेत, या धीरावर मी बसमध्ये बसले.

बारा वाजले. एक वाजला. अनारसे परातीत, पाट मांडलेले, भावाच्या हातात पाय धुवायचा तांब्या. गावातली चार वडीलधारी माणसं जावई बघायला येऊन बसली होती. मी रस्त्याकडे बघत होते आणि मला घाट दिसत होते, दऱ्या दिसत होत्या. भोकरदनच्या वाटेवर दऱ्या नाहीत, हे मला माहीत होतं. भीतीला भूगोल येत नाही.

काय झालं ते नंतर जुळवलं. राजूरला पोचेपर्यंत संपतरावांची रग जिरली होती. बायकोचा नवस आहे म्हणून ते गणपतीच्या दर्शनाला गेले, दर्शन घेऊन सावलीत टेकले, आणि समोर जालन्याची एसटी येऊन उभी राहिली. नंतर ते म्हणाले, मी कौल मागतच होतो, देवानं बस पाठवली. सायकल टपावर टाकून ते घरी गेले. राजूरला रस्ते फुटतात. सर एकटे उरले, त्यांच्या मनात खिंडी होत्या, आणि ते भोकरदनऐवजी टेंभुर्णीच्या रस्त्याला लागले.

टेंभुर्णीत त्यांनी एका घरी रस्ता विचारला. त्या घरीही त्याच दिवशी धोंडा होता आणि त्यांचा जावई ऐन वेळी येणार नाही असं कळलं होतं. घामानं भिजलेला, पांढरे कपडे घातलेला परका माणूस दारात उभा पाहून म्हाताऱ्यांनी विचारलं, धोंडे जेवायला निघालात का? सरांनी हो म्हटल्यावर त्या माणसांनी त्यांना सोडलंच नाही. आमचा न्हाई तर कुणाचा तरी आहे, अधिकात जावई उपाशी पाठवू नये, असं म्हणून पाय धुतले, जेवू घातलं आणि तेहेतीस अनारसे फडक्यात बांधून सायकलला लावून दिले. आग्रह करत होते, उठवेना.

सर आमच्या गावात पोचले तेव्हा दिवस मावळत होता. चेहरा लाल, शर्ट धुळीनं माखलेला, पोट भरलेलं आणि मागं दुसऱ्याच घरचा धोंडा. मला त्यांना पाहून इतकं हायसं वाटलं, की मी उठून आत गेले आणि देवापुढं नुसतीच उभी राहिले. त्यामुळे ओसरीवर काय चाललं आहे तिकडं माझं लक्ष राहिलं नाही. ती चूक झाली.

आमच्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावई बसनं येतो, फटफटीवर येतो, कुणाकुणाचा जीपनं येतो. पन्नास किलोमीटर सायकल हाणत येणारा जावई कुणी पाहिलेला नव्हता. तोही जेवायची वेळ टाळून, दुसरीकडे जेवून, वर आपल्या अनारशांना हात न लावणारा. वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काहीही न बोलता सगळं कळलं त्यांना. हिमालय वगैरे सर सांगत होते, पण जावई मनातलं सरळ कधी सांगतो का.

आठ दिवसांनी आमच्या दारात एक स्कूटर येऊन उभी राहिली. हँडलला झेंडूचा हार, सीटवर हळदीकुंकू. तातेराव खाली उतरला, घाम पुसला आणि मला स्वयंपाकघरात गाठलं.

“अक्का, पंचवीस वर्षांत दाजी एक शब्द बोल्ले न्हाईत, अन् आम्हीबी बैलासारखं बसलो. तू तरी सांगायचं. उन्हातान्हात सायकल हाणत आणलं त्यांना, सगळ्या गावानं पाह्यलं.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आजवर मी माहेरून एक चमचा मागून आणलेला नाही. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. लडाख, परवाना, कारकून, संपतराव, टेंभुर्णी. तातेराव ऐकत होता, पण बहीण नवऱ्याची बाजू झाकते आहे असंच त्याच्या चेहऱ्यावर होतं. बाहेर सरांनी स्कूटर नम्रपणे नाकारली. यात चढ कळत नाही, म्हणाले. तातेराव पुन्हा आत आला, दाराला टेकला आणि अगदी पडलेल्या आवाजात म्हणाला, “मंग जीप पाह्यजे का दाजींना?”

स्कूटर परत न्यायला त्याला राजी करता करता दुपार झाली. जाताना हार मात्र त्यानं काढून इथंच ठेवला. तो सरांनी सायकलला घातला.

त्याच आठवड्यात परवान्याचं पत्र आलं. सगळं मान्य, फक्त एक अट. त्या भागात एकट्या प्रवाशाला सोडत नाहीत, किमान दोन नावं हवीत. सोबतच्या अर्जावर भरून पाठवावीत. पहिल्या ओळीवर सरांनी आपलं नाव लिहिलं. दुसरी ओळ संपतरावांची होती. संपतराव म्हणाले, मला कौल मिळाला आहे. केशरबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, पण त्यामुळे ते आणखीच स्वयंपाकघरात बसू लागले. सरांनी शाळेत विचारलं, हबीबभाईंना विचारलं, त्या तलाठ्यांनासुद्धा विचारलं. प्रत्येकाकडे कारण होतं. सर कुणावर रागावले नाहीत. अर्ज घडी करून त्यांनी आपल्या चष्म्याच्या घराखाली ठेवला. पहाटे सायकल घेऊन जायचे ते जातच राहिले, बहुधा सवयीनं.

माझा नवस पावला होता. मी देवापुढं साखर ठेवली. गोडाचा शिरा केला, सरांनी तो खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर चष्मा विसरून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत मी तो द्यायला गेले. वर्गात कुणी नव्हतं. टेबलावर चष्मा ठेवला आणि सहज भिंतीकडे पाहिलं. भारताचा मोठा नकाशा टांगलेला होता, कापडावर चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. खाली आमचा मराठवाडा चांगला धडधाकट होता. वर मात्र, जिथं काराकोरम आणि लडाख असायला हवं, तिथं नकाशाच नव्हता. सत्तावीस वर्षं एकाच जागी काठीचं टोक टेकून टेकून कागद झिजला होता, कापडही झिजलं होतं, आणि रुपयाएवढं भोक पडलं होतं. मी नकाशा उलटून पाहिला. मागून परीक्षेच्या कोऱ्या कागदाचं ठिगळ लावलेलं होतं. त्याखाली आधीचं एक, त्याखाली आणखी एक. वरच्या ठिगळावर पुढच्या बाजूनं सरांनी टोकदार पेन्सिलीनं डोंगर काढले होते. बारीक बारीक, एकेक शिखर. आणि एक तळं.

त्या तळ्याच्या मध्यभागी काठीचा ताजा ठिपका होता.

सरांची अजून पाच वर्षं नोकरी होती. मी घरी आले. येताना बहुधा गिरणीवरून आले, कारण रस्ता लांब वाटला.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला आणि जांबच्या रामरायाला म्हणाले, माझा मागचा अर्ज मी मागं घेते. पायऱ्या धुवायच्या त्या धुईनच, ते तुझ्याकडे जमा राहू दे. मग सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं. नऊ वर्षं मला त्यांचं पहिलंच वाक्य आठवत होतं, एकट्याला जाऊ देऊ नको. ते भित्र्या माणसाच्या सोयीचं होतं. त्यापुढं त्या आणखी एक बोलल्या होत्या, निघालाच तर तू मागं जा, आणि तुळशीचं पान त्यालाही होतं.

मी पदर सारखा केला आणि हबीबभाईंच्या दुकानात गेले. बायकांची सायकल आहे का, विचारलं. त्यांनी विचारलं, किसके लिए? मी म्हणाले, माझ्यासाठी. लग्नाआधी वडिलांच्या मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून मी गावातल्या बारवेपर्यंत जात असे, हे मी त्यांना सांगितलं. सरांनाही हे माहीत नव्हतं. हबीबभाई हसले नाहीत. त्यांनी आतून एक हिरवी सायकल काढली, सीट खाली केली, साखळीवर साडी अडकू नये म्हणून पत्रा बसवला, घंटी तेल देऊन वाजवून पाहिली.

“भाभी, बिरेक पैले पीछे का दबाना,” एवढंच म्हणाले.

दोन दिवस सर शाळेत असताना मी मागच्या मोकळ्या मैदानात ती चालवली. तीनदा पडले. कोपराला खरचटलं, ते फोडणीचं तेल उडालं म्हणून खपवलं. भीती गेली असं मुळीच नाही. उलट आता ती दोघांची होती, म्हणून जास्त होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठले. अंघोळ केली, वहीत एकशे आठ वेळा राम लिहिला. मग चष्म्याच्या घराखालचा तो अर्ज काढला आणि दुसऱ्या ओळीवर माझं नाव लिहिलं. मधलं नाव लिहिताना पेन थांबलं. पंचवीस वर्षांत ते मी कधी उच्चारलं नव्हतं. पण मौन होतं, आणि लिहिणं म्हणजे घेणं नव्हे, असं मनाला सांगून लिहिलं. अक्षर वाकडं आलं. अर्ज परत जागेवर ठेवला.

साडेपाचला सर उठून आले. चष्म्याचं घर उचललं, अर्ज दिसला, चष्मा लावून वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मी तुळशीला पाणी घालत होते. मौनातल्या माणसाला काही विचारायचं नसतं, हा नियम त्यांनी जन्मभर पाळलेला आहे. त्यांनी अर्ज वरच्या खिशात ठेवला, सायकल काढली आणि निघाले. हार वाळला होता, तो अजून हँडललाच होता.

मी दारामागून हिरवी सायकल बाहेर आणली. पदर कमरेला खोचला. फोटोतल्या सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि कडी लावली. किल्ली खुंटीलाच राहू दिली.

गल्लीच्या तोंडाशी रस्ता दोन बाजूंना जातो. डावीकडे पूल आणि पुढं भोकरदनचा रस्ता, उजवीकडे पिठाची गिरणी. सर तिथपर्यंत पोचले, क्षणभर रेंगाळले, आणि उजवीकडे वळू लागले.

नऊ वाजायला अजून साडेतीन तास होते. हाक मारता येत नव्हती. मी सीटवर बसले, मनातच राम म्हणून पायंडल दाबलं आणि घंटी वाजवली.

सर मागं न बघता थांबले, सायकल उचलून फिरवली आणि डावीकडे लागले. मी त्यांच्या मागं निघाले.